'पुढे कळेल' हे उत्तर नव्हे

पहिली ते तिसरीच्या मुलांना सजीव कुठे राहतात आणि कसे तगतात हे शिकवायचं तर चित्र ठळक हवं, हे मत शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभेत, मुलांची पुस्तकं काढणाऱ्यांच्या बैठकीत वारंवार कानी पडतं. वाळवंटात उंट, बर्फात अस्वल, जंगलात वाघ, पाण्यात मासा. एका जागेला एक प्राणी आणि एका प्राण्याला एक घर. एक जीव दुसऱ्याला खातो, पिल्लं मरतात, पाऊस लांबला तर विणीचा हंगामच वाया जातो, हे या वयात नको, कारण मुलं हळवी असतात. उंटाच्या कुबडात पाणी असतं असं सांगितलं म्हणून काही बिघडत नाही, खरं काय ते पुढे कळेल. गावचा ओढा नि गायरान मुलं रोजच बघतात, तेव्हा शाळेनं त्यांना न पाहिलेलं दाखवावं.

असं म्हणणारी माणसं मुलांबद्दल कळकळ असलेली आहेत. त्यांच्यातले अनेक जण रोज वर्गात उभे राहतात. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. पेंग्विनशी माझं भांडण नाही. मुलांना तो आवडतो, आवडू द्यावा. फक्त त्याला आणि ध्रुवीय अस्वलाला एकाच हिमनगावर बसवू नये, कारण पेंग्विन दक्षिण गोलार्धातला आणि हे अस्वल उत्तर ध्रुवाच्या भोवतालचं. भांडण आहे ते 'पुढे कळेल' या भरवशाशी. सात वर्षांच्या मुलाच्या मनात बसलेलं चुकीचं चित्र वय वाढलं म्हणून पुसलं जात नाही. ते मूल मोठं होऊन सरपंच होतं, तलाठी होतं, वनखात्यात लागतं, मत देतं, आणि मनातलं चित्र जमिनीवर उतरवतं.

'प्राण्यांची घरे' हा तक्ता घ्या. गाय गोठ्यात, घोडा तबेल्यात, सिंह गुहेत, पक्षी घरट्यात. यातला गोठा नि तबेला माणसानं बांधलेला. सिंह गुहेत राहत नाही. गीरचा सिंह सागाच्या पानगळी जंगलात, काटेरी झुडपांत आणि आता शेताच्या बांधांपर्यंत वावरतो. घरटं म्हणजे विणीपुरता पाळणा. पिल्लं उडाली की बहुतेक पक्षी ते सोडून देतात. आणि टिटवीला तर या तक्त्यात जागाच नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमधल्या उथळ खळग्यात अंडी घालते, बहुधा चार. अंड्यांवरचे ठिपके भोवतालच्या खड्यांत असे मिसळतात, की दोन पावलांवरूनही अंडी नजरेला पडत नाहीत. उन्हाच्या तडाख्यात आईबाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. म्हणजे टिटवीला मोकळी जमीन हवी, खडे हवेत, जवळपास पाणी हवं, आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून भोवती फार आडोसाही नको. हे सगळं मिळून तिचा अधिवास होतो. दुसरीतल्या मुलाला हे समजणार नाही असं मला पटत नाही. मैदानाच्या कडेला टिटवी ओरडत अंगावर येते, तेव्हा ते मूल तिथेच खेळत असतं, आणि ती का चिडली हा प्रश्न त्यालाच आधी पडतो.

'एका प्राण्याला एक घर' या शिकवणुकीचं काय होतं ते पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरनं पाहिलं आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. ऊस वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ उभा असतो. त्यात लपायला जागा, कालव्याचं पाणी, गावात कुत्री, शेरडं, डुकरं. मादी उसातच विते, आणि तोडणीच्या वेळी कामगारांना बछडे सापडतात. बिबट्याला लागणारं सगळं तिथे आहे. पण आपल्या मनातला बिबट्या जंगलातला. त्यामुळे तो उसात दिसला की 'चुकून गावात आला' असं आपण म्हणतो आणि मागणी करतो की पकडा आणि त्याच्या घरी नेऊन सोडा. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर वनविभागात नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर झालं. बिबटे पिंजऱ्यात पकडले आणि दूरच्या जंगलात सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थलांतराचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. जिथे सोडलं त्या भागातही हल्ले होऊ लागले. अनोळखी रानात सोडलेला प्राणी तिथे राहतोच असं नाही. 'आजोबा' म्हणून ओळखला गेलेला बिबट्या २००९ साली माळशेज घाटात सोडला होता. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा माग लागला, आणि तो शंभरहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला.

जुन्नरमध्ये माणसं गेली आहेत, लहान मुलंही गेली आहेत. त्या घरांचं दुःख मी कमी लेखत नाही. उलट त्याचमुळे विचारतो, की त्या तालुक्यातल्या दुसरीच्या वर्गात 'बिबट्या : जंगल' अशी जोडी लावून घेणं कोणाच्या हिताचं आहे? तिथल्या मुलाला कळायला हवं की बिबट्या उसातच राहतो, कुत्र्यांच्या मागे वस्तीपर्यंत येतो, संध्याकाळनंतर आणि पहाटे जास्त हिंडतो. त्याला हेही कळायला हवं की उसात सापडलेलं पिल्लू उचलायचं नसतं, वनखात्याला कळवायचं असतं, कारण आई ते न्यायला येते. यातलं एकही वाक्य त्या मुलाला अवघड नाही.

आता उंट. त्याच्या कुबडात चरबी असते, पाणी नसतं. पाण्याचं कोडं तो वेगळ्या रीतीनं सोडवतो. दिवसा अंगाचं तापमान काही अंश चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात उतरवतो, त्यामुळे घामावाटे जाणारं पाणी वाचतं. शरीराच्या वजनाच्या चौथाईइतकं पाणी कमी झालं तरी तो तग धरतो, आणि पाणी मिळालं की एका वेळी शंभरेक लिटर पिऊ शकतो. हे सांगायला कुबडातल्या पाण्यापेक्षा दोन वाक्यं जास्त लागतात, इतकंच. आणि या दोन वाक्यांत मुलांना विचार करायला काहीतरी मिळतं. आपण उन्हात घामाघूम होतो, उंट का होत नाही? कुबडातल्या पाण्यानं हा प्रश्न विचारण्यापूर्वीच संपतो.

याहून खोल चूक 'म्हणून' या शब्दाची आहे. जिराफाला उंच पाला खायचा होता म्हणून मान लांब झाली. निवडुंगाला पाणी वाचवायचं होतं म्हणून पानांचे काटे झाले. गरज होती आणि शरीर बदललं, अशी ही मांडणी शिक्षकांच्या तोंडी सहज येते. तिच्या बाजूनं असं सांगितलं जातं की खरं कारण म्हणजे नैसर्गिक निवड, आणि ती नववी-दहावीच्या आधी कोणाला कळायची? मुलांची मनं मुळातच हेतू शोधतात हे खरं आहे. बॉस्टन विद्यापीठातल्या डेबोरा केलेमन यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. खडक टोकदार का, तर प्राण्यांनी त्यांच्यावर बसू नये म्हणून, असं उत्तर लहान मुलांना पटतं. पण याच केलेमन यांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मुलं लहान आहेत म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावा. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी एक चित्रगोष्ट तयार केली. एका काल्पनिक प्राण्याच्या कळपात काहींची सोंड रुंद, काहींची बारीक. हवा बदलते आणि त्यांचे किडे जमिनीखालच्या अरुंद बिळांत जातात. बारीक सोंडेच्यांना खाणं मिळतं, ते जास्त जगतात, त्यांना पिल्लं जास्त होतात, पिल्लांच्या सोंडाही बारीक असतात. रुंद सोंडेचे पिढ्यान् पिढ्या कमी होत जातात. गोष्ट ऐकलेल्या मुलांपैकी अनेकांना ही साखळी समजली, ती त्यांनी दुसऱ्या नवख्या प्राण्याला लावून दाखवली, आणि तीन महिन्यांनीही ती त्यांच्या ध्यानात होती. प्रयोगातली मुलं थोडी होती, हे मान्य. पण 'त्यांना कळणारच नाही' हे विधान खोडायला तेवढी पुरेशी आहेत.

आपल्याकडे त्यासाठी काल्पनिक प्राणीसुद्धा लागणार नाही. टिटवीचीच अंडी घ्या. काही अंडी खड्यांत मिसळून जाणारी, काही जरा उठून दिसणारी. उठून दिसणारी कावळ्यानं नेली. उरलेल्यांतून पिल्लं झाली, ती मोठी होऊन अंडी घालू लागली, आणि त्यांचीही अंडी आईबापांच्या अंड्यांसारखी निघाली. असं फार फार वर्षं होत राहिलं. इथे कोणाची इच्छा नाही, कोणी मुद्दाम रंग निवडला नाही. मुलांना रोज गोष्ट सांगणाऱ्या कुठल्याही बाईंना ही गोष्ट सांगता येईल.

पण या गोष्टीत कावळा अंडी नेतो, आणि इथेच पुढचा आक्षेप येतो. मरण नको. भक्ष्य आणि भक्षक हे शब्द चौथीत येऊ द्या, तोवर सगळे मित्र असू द्या. मला वाटतं, हा आक्षेप मुलांपेक्षा मोठ्यांच्या अस्वस्थतेतून येतो. खेड्यातल्या मुलानं कोंबडी कापलेली पाहिलेली असते, शेळीचं करडू मेलेलं पाहिलेलं असतं. शहरातल्या मुलानं मांजराच्या तोंडात उंदीर पाहिलेला असतो. प्रश्न त्यांच्या मनात आधीच असतो, आपण तो वर्गात येऊ देत नाही. आणि मरण वगळलं तर तगणं शिकवताच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात निघून जाते. एवढी अंडी कशाला, असं मूल विचारणारच. याचं एकच खरं उत्तर आहे. त्यातली फार थोडी पिल्लं मोठी होतात. कोल्हे आणि कुत्री अंडी उकरतात, पिल्लं पाण्याकडे धावताना खेकडे आणि पक्षी टिपतात, समुद्रात मासे वाट पाहत असतात. ही माहिती लपवून कासवाबद्दल काय शिकवणार? ती गोंडस आहेत एवढंच? वेळासला २००२ पासून गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था अंडी जपतात, ते या मरणाचा हिशोब ठाऊक आहे म्हणूनच. पूर्वी अंडी काढून नेणारी माणसंही त्या हिशोबात होती, हे मुलांना सांगितलं तर जपण्याचा अर्थ त्यांना कळतो.

कोल्ह्याचीही बाजू सांगावी लागते. त्याची पिल्लं उपाशी आहेत. दोघांच्याही पिल्लांची काळजी एकाच मुलाच्या मनात मावते. मुलांचं मन आपण समजतो त्याहून मोठं असतं.

मुलांना बाहेर नेण्याला होणारा विरोध मात्र मी हलका मानत नाही. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, बाहेर विंचू-साप, काही झालं तर जबाबदारी शाळेवर. ही भीती खरी आहे. पण तिचं उत्तर मुलांना वर्गात कोंडून मिळत नाही, कारण शाळा सुटल्यावर ती बाहेरच जातात. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे, आणि त्यातली चौथाईहून अधिक १५ वर्षांखालची होती. कोकणच्या सड्यावर फुरसं दगडाखाली असतं. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. घरात धान्य, धान्याला उंदीर, उंदरामागे साप. विंचू सालीखाली, गोवऱ्यांत, चपलेत बसतो. लाल विंचवाच्या दंशानं मुलं दगावत, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर उपचार शोधण्यात आयुष्य घातलं. कोणता जीव कुठे, कधी आणि कशासाठी असतो, हे ज्ञान या मुलांना संध्याकाळी अंगणात जातानाच लागतं. त्यासाठी चौथीपर्यंत थांबायला सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आणि बाहेर शिकवणं अशक्य आहे हे महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण कोणी गुरं राखत होती, कोणी धाकटी भावंडं सांभाळत होती. तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि गुरं चरत होती त्या कुरणातही गेली. अंगणवाडी देशभर पसरली. कुरणशाळा मात्र आपण विसरलो. गुरांमागे हिंडणाऱ्या त्या मुलांना कोणतं गवत गुरं आधी खातात, कुठला पाला तोंडात घेत नाहीत, ओढा कधी आटतो हे ठाऊक होतंच. ताराबाईंनी आणि अनुताईंनी त्या कुरणालाच शाळा केलं. बाहेर काय शिकवणार असं विचारणाऱ्यानं कोसबाड डोळ्यांसमोर आणावं.

शहरातल्यांचं म्हणणं असतं, आमच्याकडे निसर्गच नाही. मुंबईच्या खाडीकाठची कितीतरी मुलं कांदळवनाच्या हाकेच्या अंतरावर राहतात. तिथे तिवराची मुळं चिखलातून वर टोकं काढून हवा घेतात. निवटे नावाचे मासे ओहोटीला पाण्याबाहेर चिखलावर सरपटतात. 'मासा : पाणी' ही जोडी तिथेच मोडते, आणि ती मोडताना पाहणं हा फार चांगला धडा आहे. ज्यांच्याजवळ खाडी नाही त्यांच्या शाळेच्या भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवलेला असतो. तो तिथे कोणी लावला, हा प्रश्न एका पक्ष्यापर्यंत आणि एका फळापर्यंत नेतो.

मला सर्वांत जास्त काळजी माळरानाची आहे. मुलांना निसर्गाचं चित्र काढा म्हटलं की डोंगर, नदी आणि झाडं येतात, कारण तेच शिकवलेलं असतं. झाड म्हणजे निसर्ग, आणि झाड नाही ती जागा ओसाड. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात मात्र कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचा माळ आहे. तिथे काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल राहतात. झाडांनी झाकलेल्या जमिनीवर त्यांचं चालत नाही. काळवीट नजरेच्या आणि वेगाच्या बळावर तगतं, त्याला मोकळं अंतर लागतं. धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतो. धनगरांची मेंढरंही याच गवतावर जगतात. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत असल्या झुडपी माळांचा आणि चराऊ रानांचा मोठा भाग 'पडीक' म्हणून मोजला जातो. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. डोंगरउतारावर, गावठाणात, उजाड जंगलात झाडं लावायला कोणाचा विरोध असेल? पण माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या की गवत मरतं आणि गवताबरोबर त्यावरचे जीव हटतात. ही झाडं लावणारे हात वाईट हेतूचे नव्हते, शाळकरी मुलांचेही होते. त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं की समोरचा माळ भरलेला आहे.

याच माळावरच्या माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. माळढोक जवळजवळ संपला त्याची कारणं अनेक आहेत. शिकार, शेती, ऊस, विजेच्या तारा. लहान मुलांच्या तक्त्यावर मी त्याचा दोष टाकत नाही. एवढंच म्हणतो की ज्या राज्यात माळ हा एक अधिवास आहे हे दुसरीच्या मुलाला माहीत नसतं, त्या राज्यात माळ वाचवायला ग्रामसभेत कोण उभं राहणार? 'पुढे कळेल' म्हणणाऱ्यांनी या एका ठिकाणी तरी पुढे काय कळलं ते सांगावं.

उरतो परीक्षेचा मुद्दा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला. विषय आला, आणि त्याबरोबर जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा हेही आलं, कारण ते तपासायला सोपं. गावागावातल्या ओढ्यांवर प्रश्न काढला तर उत्तरं वेगवेगळी येणार, गुण कसे द्यायचे, असं विचारतात. माझी मागणी साधी आहे. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात काही पानं कोरी सोडावीत. शाळेपासून चालत जाता येईल असा एक तुकडा प्रत्येक वर्गानं निवडावा. तो ओढ्याचा काठ असेल, सडा असेल, गायरान असेल, विहिरीचा परिसर असेल. मृग लागल्यावर, दिवाळीनंतर, कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिथे जावं. तिथे कोण दिसलं, काय खात होतं, त्याला कोण खातं, मागच्या वेळी होतं आणि आता नाही असं कोण, हे मुलांनी सांगावं आणि गुरुजींनी किंवा बाईंनी त्या पानांवर उतरवून घ्यावं. पाऊस लागल्यावर ओढ्यात चढणीचे मासे आले की नाही, हे तालुक्याला बसून तपासता येणार नाही. त्या ओढ्यावर वर्गशिक्षकच उभे असतात. गुण देण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा.